पाणी आधी कपाशीचे, मग माशाचे

(कनेरगाव नाका येथील बैठकीत शेततळ्यातील मासळीवर झालेले भाषण)



आज मासळीवर बोलणार म्हटल्यावर दोघा-तिघांनी मला बाजूला घेऊन विचारले, "भाऊ, कापसाच्या भावाचे सोडून हे मासे कुठून काढले?" प्रश्न रास्त आहे. मासे मी काढलेले नाहीत, ते तुमच्या बांधावर येऊन उभे राहिले आहेत. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली. अनुदान जास्तीत जास्त ५० हजार रुपये. पुढे ही मर्यादा ७५ हजारांवर गेली. तळी खणली गेली, पाणी साचले. आणि पाणी दिसले की बी विकणारा येतोच. मोटारसायकलला प्लास्टिकच्या फुगलेल्या पिशव्या, तोंडात साखर. "दादा, पाच हजार बी सोडा, वर्षाला दोन लाख कुठे गेले नाहीत."

हे कनेरगाव नाका हद्दीवरचे गाव. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड, अलीकडे निजामाचे राज्य, अशी ही जुनी शीव. शिवेवरच्या माणसाला माल तपासल्याशिवाय आत घ्यायची सवय नसते. तशी या दोन लाखांची झडती आज घेऊ.

आधी माझी फजिती सांगतो, म्हणजे मी शहाणपण शिकवतोय असे कुणाला वाटायला नको. मी परभणीला शेतकी शिकलो. कपाशी, ज्वारी, तूर यावर विचाराल ते सांगेन. पण चुलतभावाने शेततळे खणले तेव्हा त्यात पाच हजार बी सोडा, असा सल्ला देणारा मीच. विकणाऱ्याने मोजून दिले म्हणाला, आम्ही मानले. भर दुपारी पिशव्या फोडून पाण्यात ओतल्या. दुसऱ्या दिवशी काठावर पांढरा थर दिसला, त्याकडे आम्ही काणाडोळा केला. सात महिने ढेप टाकली. माघात जाळे ओढले तर हाती आले बोटाएवढे मासे, मूठभर काटे आणि चिमूटभर मांस. बाजारात नेले तर व्यापारी म्हणाला, "हे मोठे करून आणा." चुलतभावाने मला एक शब्द बोलला नाही. तेच जास्त लागले.

चूक कुठे झाली? मी मासे मोजत होतो, तळे मोजत नव्हतो. ज्वारीच्या एका एकरात चार किलोंच्या जागी चाळीस किलो बियाणे पेरले तर कणसे दसपट येतात का? कडबासुद्धा धड येत नाही. हे आपल्याला आईच्या पोटातून कळते. पाण्यात मात्र आपण विसरतो, कारण पाण्यातली दाटी डोळ्याला दिसत नाही.

तेव्हा आता तळे मोजू. वर ३० मीटर बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूंना एकास एक उतार, असे आपल्याकडचे नेहमीचे शेततळे. तळाशी ते २४ बाय २४ राहते. काठोकाठ भरले तर त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. पाण्याचा पसारा ९०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास ९ गुंठे. शेणखत घालून, थोडी ढेप-कोंडा देऊन, कुठलेही यंत्र न लावता एवढे पाणी एका हंगामात साधारण शंभर-सव्वाशे किलो मासा पोसू शकते. हा तळ्याचा गळिताचा आकडा धरून चाला. आता तुम्ही ४०० बोटुकली सोडली आणि त्यातली २८० जगली, तर एकेक मासा ४०० ग्रॅमचा होईल. ४,००० सोडली तर तेवढेच किलो ४,००० पोटांत वाटले जाईल. मग येतो तो आमच्या तळ्यातला बोटभर मासा. पिशवी विकणाऱ्याला मात्र दुसऱ्या हिशेबात दसपट पैसे मिळतात. तो खोटे बोलतो असेही नाही, तो फक्त आपला हिशेब सांगतो.

दोन लाखांचे काय झाले? सोपे जावे म्हणून किलोला शंभर रुपये भाव धरू, तुम्ही तुमच्या बाजारचा घाला. ११० किलोंचे ११ हजार. बी, खाद्य, जाळे ओढणाऱ्याचा वाटा यात निम्मे गेले असे धरले तर पाच-सहा हजार हाती. शिवाय घरच्या पोरांच्या ताटात मासा. हे वाईट नाही, पण दोन लाख नव्हेत.

आता दुसरा हिशेब. तेच पाणी कपाशीला. सप्टेंबरच्या शेवटी पाऊस ताण देतो, बोंडे भरायची असतात, त्या वेळी एकराला पाच सेंटिमीटरचे एक पाणी द्यायला सुमारे २ लाख लिटर लागते. त्या एका पाण्याने एकरी एक क्विंटल कापूस वाढला असे गृहीत धरा. कमी-जास्त तुम्ही ठरवा, तुमच्या रानाचे तुम्हाला माहीत. २०२५-२६ च्या हंगामाला मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये जाहीर झाला होता. तो प्रत्यक्ष पदरात किती पडतो यावर आपण दर बैठकीत बोलतोच. पण कागदी भावानेही चार एकरांचे चार क्विंटल म्हणजे तीस हजारांवर रक्कम. म्हणजे माशासाठी पाणी राखून कपाशी वाळवली तर पाच हजारांसाठी तीस हजार घालवले. असा प्रकार मी पाहिला आहे. "मासे मरतील" म्हणून इंजिन बंद ठेवले आणि बोंडे गळून पडली.

मग काय, मासे नकोच? तसे नाही. तळ्यात एक रेघ मारा. तळापासून दीड मीटरवर, चारही उतारांवर लाल रंगाची. रेघेच्या वरचे पाणी कपाशीचे, हरभऱ्याचे, रब्बी ज्वारीचे. रेघेखालचे माशाचे. उतारामुळे वरच्या अर्ध्यात पाणी जास्त असते: वर सुमारे १२ लाख लिटर, खाली पावणेदहा लाखांच्या आसपास. वरच्या बारातले ऊन-वारा खातो ते वजा करा. आपल्याकडे पावसाळा संपल्यावर दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तर दोन महिन्यांत अडीच लाख लिटर हवेत जाते. साडेनऊ उरले, त्यात चार एकरांची एक पाळी आरामात निघते, तुषार लावले तर जास्त. झिरपा वेगळा. ज्याचे तळे मुरमात आहे आणि कागद अंथरलेला नाही, त्याने दिवाळीपर्यंत पाणी किती खाली जाते हे एक वर्ष काठीने मोजून बघावे आणि मगच माशाचे नाव काढावे. फेब्रुवारीत निदान एक मीटर पाणी राहणार नसेल तर त्या तळ्यात मासा सोडणे म्हणजे बगळ्यांना जेवण घालणे आहे.

रेघ घरात सर्वांना दाखवून मारा. पाण्यावरून दोन भावांत, बापलेकांत जी तोंडे वाजतात, त्यांतली निम्मी या रेघेने थांबतात. आमच्या घरी थांबली.

आता बी. मासे आपोआप नदीत होतात, मग त्याचे बी कसले, असे जुनी माणसे विचारतात. कटला, रोहू, मृगळ हे नदीचे मासे, साचलेल्या तळ्यात ते वाढतात पण सहसा अंडी घालत नाहीत. पूर्वी पुराच्या पाण्यातून जाळी लावून त्यांचे बी गोळा करावे लागे, त्यात कुठलीही जात यायची. १९५७ साली १० जुलैला ओडिशात अंगुल येथे हिरालाल चौधुरी या शास्त्रज्ञाने माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना तळ्यातच अंडी घालायला लावले. तेव्हापासून बी नदीच्या मर्जीवर राहिले नाही. १० जुलै हा दिवस आता देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. विज्ञान शेतकऱ्याच्या हातात आले की काय होते याचे हे चांगले उदाहरण आहे, आणि विज्ञान मध्यस्थाच्या पिशवीत गेले की काय होते ते मी वर सांगितलेच.

बियांच्या तीन अवस्था. पहिली मत्स्यजिरे, नावाप्रमाणे जिऱ्याएवढे. दुसरी मत्स्यबीज, इंचभराचे. तिसरी बोटुकली, बोटाएवढी. जिरे स्वस्त, पण शेततळ्यात त्यातले बहुतेक बेडूक, पाणकिडे आणि दिवड साप खातात. आपले पाणी जेमतेम सहा-सात महिन्यांचे. वेळ कमी असेल तर रोप मोठे लावावे लागते, हे मिरचीवाल्याला सांगायला नको. म्हणून चार इंची बोटुकलीच घ्या, आणि मोजून घ्या. मोजायची रीत अशी: एक चहाची गाळणी भरून बोटुकली मोजा, मग गाळण्या मोजा. विकणारा "घाई आहे" म्हणाला तर त्याला जाऊ द्या. आंध्रातले लोक आदल्या वर्षीचे दाटीत ठेवून वाढ रोखलेले मासे सोडतात. मोकळे पाणी मिळाले की ते झपाट्याने अंग धरतात. मिळाले तर आपल्यासाठी ते सर्वांत चांगले.

जाती तीन. कटला वरच्या थरात सूक्ष्म किडे खातो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाचा गाळ चाळतो. तूर-सोयाबीनसारखेच, एकाची मुळे एका थरात, दुसऱ्याची दुसऱ्या. ४०० त कटला १६०, रोहू १२०, मृगळ १२०. कागद अंथरलेल्या तळ्यात तळाला माती नाही म्हणून तिथे मृगळ कमी करा आणि खाद्य हातानेच द्यावे लागेल हे समजा. चंदेरी मासा कटल्याच्याच ताटात जेवतो, तो नको. सायप्रिनस लवकर वाढतो हे खरे, पण काठ उकरून पाणी गढूळ करतो आणि तळ्यातच पिलावळ वाढवतो.

एक नाव मुद्दाम सांगतो. कुणी 'थाई मागूर' आणून दिला, काहीही खातो, कशातही जगतो म्हणाला, तर त्याला बांधावरून परत पाठवा. त्यावर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली आहे. पावसाळ्यात असा मासा तळ्यातून निसटून पैनगंगेत गेला तर नदीतला मरळ आणि शिंगी राहणार नाही. आपण शेतकऱ्यांवरच्या बंद्यांविरुद्ध बोलतो म्हणून सगळ्याच बंद्या खोट्या असे नव्हे.

सोडताना घाई नको. संध्याकाळी किंवा सकाळी, पिशवी तोंड बांधूनच पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवा. मग तोंड उघडून तळ्याचे पाणी ओंजळ-ओंजळ आत घाला. मासे आपणहून बाहेर पडू द्या. आम्ही दुपारी ओतले होते त्याचा पांढरा थर मला अजून दिसतो.

खताचे आणि चुन्याचे. पुस्तकात लिहिलेले असते, तळ्याला चुना टाका. ते लिहिले आम्लारी मातीसाठी. आपली काळी माती मुळातच चुनखडीची, पाण्याचा सामू साडेसात-आठ असतोच. माती-पाणी तपासल्याशिवाय चुन्याच्या गोण्या आणू नका. शेण मात्र हवे, पाणी भरल्यावर दोनशे किलो, मग पंधरवड्याला थोडे थोडे, काठाला ढीग करून. त्याने पाणी हिरवट होते, ती माशाची कुरणे. किती हिरवे? हात कोपरापर्यंत पाण्यात घाला. तळवा दिसेनासा होत असेल तर बरोबर. मनगटच दिसेना, तर शेण आणि खाद्य दोन्ही बंद. बोटे मोजता आली तर अजून टाका. पाणी हिरवे नसून राखाडी गढूळ असेल तर ती चिकणमाती तरंगते आहे, तिथे हाताची परीक्षा चालत नाही. शेणाने ती हळूहळू बसते.

खाद्य म्हणून भुईमुगाची ढेप आणि भाताचा कोंडा निम्मे-निम्मे. सरकीची ढेप आपल्याकडे हाताशी आहे, पण सरकीत गॉसिपॉल नावाचे विष असते. म्हैस ते पचवते, माशाला ते बाधते. एकूण खाद्यात थोडीच ठेवा. सोयाबीन द्यायचे तर भाजून. रोजचे खाद्य तळ्यातल्या माशांच्या अंदाजी वजनाच्या शेकडा दोन-तीन, एकाच जागी, एकाच वेळी. सच्छिद्र पोत्यात घालून बांबूला टांगा, संध्याकाळी पोते उचलून पाहा. उरले असेल तर उद्या कमी.

दुसऱ्या वर्षी आम्ही नीट ४०० सोडले आणि तरी निम्मे गमावले. सप्टेंबरात तीन दिवस आभाळ दाटलेले होते, ऊन नाही. हिरवे पाणी दिवसा उन्हात प्राणवायू देते आणि रात्री तोच खाते. ऊन नसले की देणे बंद, खाणे चालू. मी शेण टाकणे थांबवले नाही. चौथ्या पहाटे सगळे मासे वर तोंड काढून हवा गिळत होते. शेजारच्या गावचे एक भोईबुवा रस्त्याने जात होते, त्यांनी धोतर खोचून पाण्यात उडी घेतली, बांबूने पाणी झोडपायला लागले आणि ओरडले, "इंजिन लावा, पाणी उचलून तळ्यातच पाडा!" तेव्हा सुचले. तळ्याचेच पाणी उंचावरून तळ्यात पडले की हवा मिसळते. निम्मे वाचले ते त्यांच्यामुळे. तेव्हापासून जाळे ओढायला तेच येतात, ठरलेल्या वाट्याने. मासळीत पिढ्या गेलेली माणसे आपल्या शिवारात आहेत. कार्यालयाकडे जाण्याआधी त्यांच्याकडे जा, आणि त्यांचा वाटा घासाघीस न करता द्या.

आता जे सांगतो ते कपाशीवाल्यांनी लक्ष देऊन ऐकावे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन आपली वीसहून अधिक माणसे गेली. माणसाला जे झाले त्याहून कितीतरी कमी विषात मासा जातो. २५ टक्के सायपरमेथ्रीनच्या १०० मिलिलिटरच्या एका बाटलीत २५ ग्रॅम विष असते. काठोकाठ भरलेल्या २२ लाख लिटरच्या तळ्यात ती एक बाटली मिसळली, तर लिटरमागे ग्रॅमचे सुमारे ११ दशलक्षांश भाग होतात. ऐकायला काहीच नाही. रोहू-सायप्रिनसच्या पिलांना तेवढे मरायला पुरते. रेघेपर्यंत उतरलेल्या तळ्यात तर दुप्पट. म्हणून पंप तळ्यावर धुवायचा नाही, बाटली विसळायची नाही, फवारणीचे पाणी तळ्यातून घ्यायचे तर बादलीने घेऊन लांब न्यायचे. तळ्याच्या वरच्या अंगाला कपाशी असेल तर मध्ये गवताचा पट्टा ठेवा आणि शेताचे पाणी थेट तळ्यात उतरू देऊ नका. फवारणी झालेल्या दिवशी पाऊस आला तर तळ्याचे तोंड बंद करा. ज्याला हे जमणार नाही त्याने मासे सोडू नयेत. विष पिऊन मेलेला मासा बाजारात नेण्याचा मोह होतो, म्हणून आधीच बजावतो.

आणि कागदाच्या तळ्याला कुंपण. ओल्या कागदावरून पाय घसरला की पट्टीचा पोहणारासुद्धा वर येत नाही, हाताला धरायला काही नसते. पोरे मासे बघायला काठावर जाणारच. चारही बाजूंना खुंट्याला बांधलेले गाठीचे दोर पाण्यात सोडलेले पाहिजेत, ट्यूब पाहिजे, आणि दाराला कुलूप. मासे नसतील तर पोर तळ्याकडे फिरकत नाही. मासे आणलेत तर ही जोखीमही तुम्हीच आणलीत.

रोगाचे फार बोलत नाही. दाटी नसेल आणि पाणी चांगले असेल तर हिवाळ्यात क्वचित लाल चट्टे पडतात किंवा ऊ लागते. असे मासे दिसले की बाहेर काढा. खंड्या आणि पाणकावळा यांच्यासाठी तळ्यावर आडवे-उभे दोर ताणा, थोडे त्यांनाही जाईल.

काढणी फेब्रुवारीत, पाणी एक मीटरवर येण्याआधी. एकदम काढू नका. ईसापूर, येलदरी, सिद्धेश्वर धरणांचा मासा आला की आपल्या बाजारात भाव पडतो. मोठे मोठे आधी काढा, आठवडी बाजाराच्या दिवशी, जिवंत. जिवंत माशाचा भाव धरणाच्या बर्फातल्या माशाला नसतो.

मागच्या बैठकीत एका तरुणाने विचारले होते की आपला रस्ता अकोला-नांदेडचा, गाड्या सारख्या जातात, तर तळ्यावर गळ टाकून बसायचे पैसे का घेऊ नयेत? हसू नका. मुंबईत पवई तलावावर हौशी गळवाल्यांची जुनी संस्था आहे, ते लोक स्वतः बी सोडतात, पकडलेला मासा परत सोडतात. पण तिथेही सांडपाणी आणि जलपर्णीशी झगडावे लागते. असे तळे करायचे तर कटला कमी, तळाचे आमिष धरणारे रोहू-मृगळ जास्त, मासे थोडे पण किलोवरचे, आणि वर्षभर पाणी. आपल्या कोरडवाहू शिवारात ती शेवटची अटच अडते. ज्याच्याकडे बारमाही विहीर असेल त्याने करून पाहावे आणि हिशेब इथे येऊन सांगावा.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा द्यायचे ठरवले. किसान क्रेडिट कार्ड त्याआधीच मासळीला लागू झाले होते. बँकेत जाल तेव्हा हे माहीत असू द्या, आणि माशाच्या नावाने कर्ज उचलायच्या आधी ते पाच-सहा हजारही माहीत असू द्या.

आता जेवण करून घ्या. त्यानंतर ज्यांना यायचे ते माझ्याबरोबर पलीकडच्या शेततळ्यावर चला. हात कोपरापर्यंत घालून पाणी कसे बघायचे ते दाखवतो, आणि ती रेघ कुठे मारायची ते तिथेच फूटपट्टी लावून ठरवू. येताना लाल रंगाचा एक डबा कुणीतरी आणा.